गौरव्वानं पान्हा चोरला

शुक्रवार, ३ जानेवारी २०२५

लिहा म्हणाली. काय लिहू? डोंबल?

डॉक्टरीणबाई आफशीन आमच्या पेठेतल्या दवाखान्यात नवीन आली आहे. वयानं माझ्या लेकीपेक्षा, तेजस्वीपेक्षाही लहान. परवा गोठ्यात चक्कर येऊन पडलो म्हणून शेजारच्या अमीरबीनं धरून तिच्याकडं नेलं. दंडाला पट्टा बांधला, फुगवला, आणि आकडा बघून पोरीचे डोळे मोठे झाले. एकशे ऐंशी, खाली एकशे दहा. "काका, राग फार येतो का?" "न्हाई!" — हे मी इतक्या जोरात म्हणालो की बाहेर बसलेली माणसं आत डोकावली.

गोळी दिली. गोळीच्या कागदामागं आणखी बरंच लिहून दिलं. सकाळी उठल्यावर पाच मिनिटं काही न करता गप्प बसायचं. राग आला की तोंड उघडायच्या आधी दहा मोजायचे. मीठ कमी. चालणं. आणि रोज वहीत लिहायचं, त्यात त्या दिवसातली एक तरी चांगली गोष्ट हवी. "कुणाला दाखवायची नाही काका. मनातलं सगळं कागदावर काढायचं. बघा कसं शांत वाटतं."

अक्षर माझं बरं आहे. तालमीचा अहवाल वीस वर्षं मीच लिहिला. पण त्यात मनातलं लिहायची वेळ कधी आली नाही.

बायडा जाऊन आज नऊ दिवस झाले. म्हणजे तशी गेली नाही — माहेरी गेली, आजऱ्याला, भावाकडं. एकतीस वर्षांत सणावाराशिवाय पहिल्यांदाच. लिहिलं. झालं समाधान?

चांगली गोष्ट — नाही.


शनिवार, ४ जानेवारी

पाच मिनिटं गप्प बसलो. गोठ्याच्या उंबऱ्यावर. पहिल्या मिनिटाला गुडघा, दुसऱ्याला डास. तिसऱ्याला सरकी पेंड संपलीय हे आठवलं. चौथ्याला बायडा. पाचव्याला उठलो तो बसलो त्यापेक्षा जास्त तापून! ह्याला म्हणे मनःशांती.

मग धारेला बसलो. सध्या दुधात एकच म्हैस, गौरव्वा. दुसरी भाकड आहे. गौरव्वाला बेळगावकडच्या बाजारातून आणली तेव्हा तिकडचं नाव तसंच ठेवलं. दिवाळीत तिचं रेडकू मेलं. तेव्हापासून ती फक्त बायडाच्या हाताला पान्हा सोडते. बायडा यायची, पाठीवर हात ठेवायची, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटत बसायची, आणि दोन मिनिटांत सड भरायचे. सकाळची सात लिटर. मी बसलो की बया मागं वळून बघते आणि दगडासारखी उभी राहते. आज कशीबशी दोन लिटर. बाकीचं वर चोरून धरलं. असंच चाललं तर महिन्याभरात आटेल.

माणसं रुसतात ते कळतं. म्हशीनं पण रुसायचं?


रविवार, ५ जानेवारी

केरबा आला होता. दुधाच्या कट्ट्यावर त्याची म्हैस नेहमी माझ्या म्हशीशेजारी बांधलेली असते. चाळीस वर्षांचा दोस्त, पण सल्ले कायम वाईट. "पान्ह्याची सुई मार की एक. दोन मिन्टात धो धो सोडती बघ."

ती सुईवाली माणसं एकदा आमच्या दारात आली होती. बायडानं त्यांना खराट्यानं हाकललं होतं. मी नाही म्हणालो.

"मग आजऱ्याला जा. बायकोच्या पाया पड आनि घिऊन ये."

दहा मोजायला सुरुवात केली. तीनपर्यंत आलो. मग जे बोललो ते अमीरबीच्या घरापर्यंत ऐकू गेलं. केरबा चहा अर्धा टाकून गेला.

दमलोय. वयानं नाही, ओरडून. एवढी वर्षं ओरडत राहिलं की माणूस दमतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं.


सोमवार, ६ जानेवारी

केरबाला राग धरता येत नाही, ही त्याची खोड. सकाळी परत हजर! ओढून रंकाळ्यावर नेलं. "चालायला सांगितलंय न्हवं डाक्टरनं?" चाललो. काठावर पंचवीस-तीस माणसं गोल करून उभी होती. मधला शिट्टी वाजवायचा, की सगळी हात वर करून हा-हा-हा, हो-हो-हो. परत शिट्टी, परत हा-हा-हा. केरबा पण घुसला. चड्डी-बनियनवर पोट हलवत हसतोय गडी!

मला म्हणाला, हस की. मी म्हणालो, कशावर? म्हणाला, कशावर न्हाई, नुसतं हसायचं. मी एका बाकावर बसून राहिलो. शेजारच्या पाटीवर कुणीतरी लिहिलं होतं, "मन प्रसन्न तर दिवस प्रसन्न." आमचा जावईपण रोज सकाळी फोनवर असलंच पाठवतो, गुलाबाच्या फुलासकट. सगळ्या कोल्हापुरानं मला शांत करायचा विडा उचललाय.

चांगली गोष्ट — येताना पाय दुखले नाहीत. तसे थोडे दुखले.


मंगळवार, ७ जानेवारी

दीड लिटर.


बुधवार, ८ जानेवारी

लिहितो एकदाचं. मनातलं काढायचं म्हणते ना पोरगी.

पंचवीस डिसेंबरची संध्याकाळ. नेहमीसारखी गौरव्वा कट्ट्यावर नेली. आमच्याकडं गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढतात आणि फेसासकट गिलास हातात देतात. सगळी इभ्रत त्या फेसात. माझ्या बापापासून आमच्या दुधाला कुणी नाव ठेवलं नव्हतं. बायडा धार काढत होती, मी गिलास भरून देत होतो. उदयसिंह सर, शाळेत कवायत घ्यायचे ते, रोजचं गिऱ्हाईक. एक घोट घेतला, जीभ फिरवली आणि सगळ्यांत म्हणाले, "बाळासो, आज पातळ लागतंय रे."

बस. एवढंच. माझ्या डोक्यात जाळ झाला. दहा-बारा माणसं बघत होती. मी मागं वळलो आणि बायडाला म्हणालो — ओरडलो — "पानी घातलंस व्हय गं बादलीत? लाज हाय काय?"

ती म्हशीखाली बसली होती. हात सडांवर. वर बघितलं नाही. राहिलेली धार पुरी काढली, बादली बाजूला ठेवली, पदराला हात पुसले आणि चालत निघून गेली. मी घरी पोचलो तर पिशवी भरलेली. शेवटच्या एसटीनं गेली.

त्या दिवसापासून मी कट्ट्यावर गेलेलो नाही. गेलो तरी गौरव्वा सगळ्यांसमोर पान्हा चोरणार आणि शोभा होणार. उरलंसुरलं दूध घरातूनच देतो.

लिहून शांत वाटलं नाही. अंगाला घाम आला.


शुक्रवार, १० जानेवारी

आज जो मूर्खपणा केला तो ह्या वहीशिवाय कुणाला सांगणार नाही. तसा अख्ख्या गल्लीला कळलाच आहे.

आमच्यात जुनी रीत आहे. घरची बाई गावाला गेली आणि म्हैस हटून बसली की पुरुषानं तिचं पातळ नेसून धारेला बसायचं. माझ्या बापानं केलेलं मी बघितलंय. बायडाचं गोठ्यातलं जुनं पातळ खुंटीवरच होतं. हिरवं, विटलेलं, पाच वर्षांच्या शेणा-दुधाचं. हातात घेतलं तर असला वास! म्हटलं, असलं कसं नेसायचं? म्हशीला तरी बरं वाटावं. काल दुपारी साबणाच्या भुकटीत भिजवलं, खसाखसा घासलं, वर ते वासाचं निळं पाणी घातलं, कडक उन्हात वाळवलं. आज पहाटे नेसलो, डोक्यावर पदर घेतला आणि बसलो.

गौरव्वानं हुंगलं. एकदा हुंगलं, दोनदा हुंगलं. आणि अशी शिंकली की दावं ताणून पार भिंतीला टेकली! एक थेंब नाही.

तेवढ्यात दुधाला अमीरबी दारात. मला बघितलं, किटली खाली ठेवली आणि तोंडाला पदर लावून खालीच बसली. "या अल्ला! बाळासोभाऊ! धुतलासा व्हय ओ? अवं वासावरच तर वळखती ती. बायडाचा समदा वास नाल्यात घालवलासा की!"

दहा मोजायची गरजच पडली नाही. रागच आला नाही. पदर डोक्यावर घेऊन तसाच बसून राहिलो.

अमीरबीचं हसणं थांबलं तेव्हा म्हणाली, "वास गेला तर गेला. आवाज हाय न्हवं अजून? तेजस्वीला इचारतो मी."


शनिवार, ११ जानेवारी

तेजस्वीचा इचलकरंजीहून फोन. "आण्णा, आई तयार हाय. पन तिची अट हाय. ती फक्त म्हशीसंगं बोलनार. रोज सकाळी साडेपाचला. तुम्ही फोन लावायचा, टांगायचा आनि धार काढायची. मध्ये एक अक्षर बोलायचं न्हाई. बोललासा तर फोन बंद."

मी म्हणालो, ही काय अट झाली? नवऱ्यासंगं न्हाई आनि म्हशीसंगं—

"आण्णा, दहा मोजा."

मोजले. पूर्ण दहा. पहिल्यांदाच.


रविवार, १२ जानेवारी

मोबाईल पिशवीत घालून खुंटीला टांगला, आवाज मोठा केला. धुतलेलं पातळ खांद्यावर घेतलं. वास नसला तर नसला, थंडीला बरं.

आधी नुसती खरखर. मग तिचा आवाज आला. अठरा दिवसांनी.

"ये गं माझे बाय... हं... आलो हां मी... उबी ऱ्हा, उबी ऱ्हा..."

गौरव्वाचे कान उभे राहिले. मान वळवून गोठ्याच्या दाराकडं बघत राहिली. कोण दिसेना, तरी बघतच होती. आणि सडांत दूध उतरलं! हाताला कळलं मला, गरम. पहिली धार बादलीत टण्णकन वाजली.

"माझं पातळ धुतलं म्हनं गं कुनीतरी," खुंटीवरची पिशवी म्हणाली. "एवढी स्वच्छता आयुष्यात कधी सुचली न्हवती त्या मानसाला."

ओठ दाबून धार काढली. साडेपाच लिटर.

चांगली गोष्ट — साडेपाच लिटर. आणि दुसरी पण आहे, ती लिहीत नाही.


सोमवार, १३ जानेवारी

म्हशीला सगळं सांगते बायडा. आधी पण सांगत असणार. मला वाटायचं, गाणं म्हणते.

आज म्हणाली, "हिकडं सा वाजूस्तवर झोपतोय मी. पयल्या दिशी जागा झालो तर उजेड! वाटलं मेलो काय काय." मग थोड्या वेळानं, "बोटं जरा बरी हायत. तिकडं पाटंच्याला आकडायची गं. दोन वर्सं झाली. पान्याच्या चुलीवर शेकल्याबिगर मूठच मिटायची न्हाई. मग तुझ्याकडं यायचो."

मी रोज पहाटे अंथरुणातून ओरडायचो — चुलीतच बसलीस काय? म्हैस ताटकळलीया!

दोन वर्षं. आणि हे मला माहीत नव्हतं, म्हशीला माहीत होतं.


मंगळवार, १४ जानेवारी

संक्रांत. गोड बोला म्हणे. मला तर बोलायचीच बंदी आहे!

"तिळगूळ दिला काय गं तुला कुनी?" पिशवीतून विचारणा. मी धार थांबवून उठलो, डबा काढला, गौरव्वाच्या तोंडासमोर लाडू धरला. तिनं माझ्या हातासकट चाटला. कुडूम असा आवाज झाला तो आजऱ्यापर्यंत गेला असावा. तिकडं तिनं ऐकला. मग म्हणाली, "दिला वाटतं."

आज दुपारी एकट्यानंच भाकरी खाल्ली. तिळगूळ द्यायला अमीरबीच्या घरी गेलो. तिनं दोन घेतले, एक स्वतःला आणि एक "आजऱ्याला पाठवायला".


गुरुवार, १६ जानेवारी

"भावाच्या घरी काजू सोलायला बसतोय वैनीसंगं. हात काळं हुत्यात. पन कोन वरडत न्हाई. वैनी म्हनती, ऱ्हावा की वन्सं. बघू."

बघू! बघू म्हणजे काय?

दिवसभर तो एक शब्द डोक्यात. जेवण गेलं नाही. राग यावा म्हणून वाट बघितली, राग पण आला नाही. राग असला की निदान हातपाय तरी हलतात. आज नुसता ओट्यावर बसून राहिलो, दिवे लागेपर्यंत.


शनिवार, १८ जानेवारी

आज हात थांबला.

ती म्हणत होती, "तुला तरी ठावं हाय गं बाय, मी पानी घातलं न्हवतं. पयली धार वाजलीच न्हाई त्या दिशी. कोरडी बादली कशी टण्ण वाजती. ती चुळुक वाजली. मला तवाच कळलं, बुडाला पानी हाय. धार हुईल, मग वतून टाकावं, दुसरी बादली घ्यावी असं म्हनलं. तवर ह्येंनी बादली उचलून सरांचा गिलास भरला बी."

गौरव्वानं पाय हलवला. मी काढतच नव्हतो.

"बादली धुयाचं काम कुनाचं? त्येंचं. धुवून मेकावर पालथी घालायची, त्ये इसरलं असतील. पन चारचौघांत मी कसं सांगू, तुमची चूक हाय म्हनून? त्येंचं तोंड पडलं असतं. म्हनलं, घरला गेल्यावर त्येंना त्येंचंच कळंल. कळलं तर म्हनतील काहीतरी."

हे खरं आहे. आणि ह्याहून वाईट एक खरं आहे ते आता लिहितो, कारण ही वही कुणाला दाखवायची नाही. मला कळलं होतं. पंचवीस तारखेलाच रात्री नाही, पण सव्वीसला सकाळी. बादली धुतली, हात सवयीनं तिला ओट्यावर उभी ठेवून मोकळा झाला, आणि मी बघत राहिलो — बुडाला अर्धा तांब्या पाणी. असंच मी आदल्या दिवशी केलं होतं. तेव्हाच फोन उचलायला हवा होता. उचलला नाही. म्हटलं, येईल आपोआप, कशाला बोलायचं.

चोवीस दिवस मी माहीत असून गप्प आहे. आणि गौरव्वाला चोर म्हणतोय.


सोमवार, २० जानेवारी

दवाखाना. एकशे पन्नास, खाली चौऱ्याण्णव. आफशीन खूश. "बघा काका! वहीचा उपयोग होतोय. पाच मिनिटं बसता ना? सकारात्मक विचार करता ना?"

तिला काय सांगू? की बाई, मी सकाळी वीस मिनिटं म्हशीखाली बसतो, तोंडाला कुलूप घालून, आणि माझ्याबद्दल जे जे खरं आहे ते ऐकतो! असलं औषध कुठल्या दुकानात मिळत नाही. म्हणालो, "व्हय, करतोय."


बुधवार, २२ जानेवारी

लवकर जाग आली. उंबऱ्यावर बसलो. घड्याळ लावलं नव्हतं, पाच मिनिटं झाली की वीस, कुणास ठाऊक. डास चावले, चावू दिले. मग पातळ खांद्यावर घेतलं. आता परत वास मारायला लागलंय ते, शेणाचा, दुधाचा, माझ्या विडीचा. गौरव्वाच्या पाठीवर हात ठेवला आणि सहज तोंडातून गेलं, "माझं चुकलं गं बाय."

पान्हा सुटला! फोन लावलेलाच नव्हता.

नाचावंसं वाटलं. दोन मिनिटं. मग लक्षात आलं. म्हशीला आवाजाची गरज नाही म्हटल्यावर बायडा कशाला बोलेल? अट म्हशीची होती, माझी नाही.

घाईनं एका हातानं फोन लावून टांगला. थांबलो असतो तर दूध परत वर चढलं असतं, म्हणून धार चालूच ठेवली. तिला काय कळतंय तिकडं बसून. ती आली, "ये गं बाय" म्हणाली, गौरव्वाचे कान हलले, आणि तिचं बोलणं सुरू झालं.

साडेसहा लिटर. चांगली गोष्ट म्हणून लिहू की वाईट?


गुरुवार, २३ जानेवारी

आज पण तसंच. आधी पान्हा, मग फोन. ती भावाच्या नातवाबद्दल बोलली, मग पावट्याच्या आमटीबद्दल. आमटी मला आवडते हे म्हशीला का सांगितलं कुणास ठाऊक.

ह्या वयात बायकोला फसवतोय. तेही तिचा आवाज ऐकायला!


शनिवार, २५ जानेवारी

आज मध्येच थांबली. मग — "माझं सांगून सरत आलं गं बाय. एकतीस वर्सांचं हुतं, ते बी सरलं."

सरलं म्हणजे? सरल्यावर काय?

केरबाकडं गेलो. म्हणालो, उद्या गौरव्वा कट्ट्यावर आणतोय, माझी जागा राख. तो बघतच राहिला. "पान्हा?" म्हणाला. मी म्हणालो, बघू.


रविवार, २६ जानेवारी

सकाळी झेंडा, जिलबी. संध्याकाळी कट्टा. सुट्टीमुळं गर्दी ही! पोरंबाळं, पन्हाळा करून आलेले पावणे, सगळी गिलासाला उभी. मी महिन्यानं आलो म्हटल्यावर माना वळल्याच. त्यात खांद्यावर हिरवं पातळ.

"काय बाळासो, स्वतःच वैनी हुयाला लागलास व्हय?" पलीकडनं कोणतरी ओरडलं. हशा पिकला. मोजायला लागलो, चारवर आलो आणि कळलं की पुढं मोजायची गरज नाही. मी पण थोडा हसलो. शिट्टीशिवाय.

बादली सगळ्यांना दिसेल अशी पालथी धरली. थेंब नाही. बसलो, हात ठेवला, गौरव्वाशी दोन शब्द बोललो. सुटला पान्हा. टण्ण! पहिला गिलास भरला आणि उदयसिंह सरांसमोर धरला. कुस्तीच्या मैदानात उतरलोय, हजारभर माणसांत, तेव्हा एवढं अवघड नव्हतं वाटलं.

म्हणालो, "सर, नाताळच्या दिशी तुमाला दूध पातळ लागलं. त्यात पानी हुतं. खरं हुतं तुमचं. पन त्ये बायडाचं न्हवतं. बादली मी धुतलो आनि पालथी घालायची इसरलो. चूक माझी, आनि वरडलो तिच्यावर, तुमा सगळ्यांसमोर. म्हनून सगळ्यांसमोरच सांगतोय."

वाटलं होतं, आभाळ कोसळेल. सरांनी गिलास घेतला, संपवला, मिशी पुसली. "आज बरं हाय," म्हणाले. मागचा एक पावणा म्हणाला, "ओ मामा, आमाला चार द्या की." झालं. एवढंच. ज्या इभ्रतीसाठी बायको घालवली तिची किंमत लोकांना एवढीच!

जाताना केरबानं माझी रिकामी बादली स्वतः विसळली आणि पालथी घातली. अमीरबी लांब किटली घेऊन उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला होता, पण ह्या वेळी हसत नव्हती.

उद्या फोनवर खरं सांगणार. मग ती बोलो न बोलो.


सोमवार, २७ जानेवारी

आज अट मोडली. फोन लागल्या लागल्या मीच बोललो. "बायडे, म्हशीला आता तुझा आवाज लागत न्हाई. बुधवारपासनं. मी तुला फसवलं."

"ठावं हाय. फोनातनं ऐकू येतं की. बुधवारपासनं मी तोंड उघडायच्या आधीच धार वाजतीया."

"मग एवढं दिस कुनाशी बोलत हुतीस?"

"रेड्याशी," म्हणाली.

मग म्हणाली, "अमीरबीनं सांगितलं, काल कट्ट्यावर काय केलासा त्ये." आणि ठेवता ठेवता — "त्ये गोठ्यातलं पातळ आता धुवू नगासा. उद्या आल्यावर तसंच नेसनार हाय मी."